इजिप्तमध्ये ३० जून २०१३ला लाखो लोक रस्त्यावर होते, मग राष्ट्राध्यक्ष मोर्सींना हटवणं हा लष्करी उठाव कसा?

तो लष्करी उठावच होता. गर्दी कितीही मोठी असली तरी सत्ता कोणी काढून घेतली आणि ती कोणाच्या हाती गेली, हे आधी बघावं लागतं. मोर्सी वर्षभरापूर्वी जेमतेम ५२ टक्के मतांनी निवडून आले होते. ३ जुलैला संरक्षणमंत्री जनरल सिसी यांनी टीव्हीवरून राज्यघटना स्थगित केली आणि घटना न्यायालयाच्या प्रमुखांना हंगामी अध्यक्ष नेमलं. मोर्सीविरोधी ‘तमरोद’ मोहिमेनं सह्या गोळा केल्या होत्या त्या मुदतपूर्व अध्यक्षीय निवडणुकीसाठी. सिसींच्या घोषणेच्या वेळी अल-अझहर या सुन्नी धर्मपीठाचे प्रमुख इमाम, कॉप्टिक ख्रिश्चनांचे पोप आणि विरोधी नेते एल-बरादेई हजर होते, याचा दाखला हा उठाव नव्हता असं सांगताना नेहमी दिला जातो. पण १४ ऑगस्टला कैरोच्या राबा चौकातला मोर्सी समर्थकांचा ठिय्या सुरक्षा दलांनी गोळीबार करून मोडला (ह्यूमन राइट्स वॉचच्या मोजणीनुसार किमान ८१७ मृत्यू), तेव्हा उपाध्यक्ष झालेल्या एल-बरादेईंनी त्याच दिवशी राजीनामा दिला. माझ्या मते नैतिक प्रश्नाचं उत्तर तिथंच मिळतं.

मात्र उठाव म्हटलं म्हणजे आंदोलक लष्कराचे बाहुले होते असं होत नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये मोर्सींनी स्वतःचे आदेश न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणारा हुकूम काढला होता. तो पुढे मागे घेतला, तरी लोकांचा राग खरा होता आणि त्याला ठोस कारण होतं.