शेरीफच कॉरोनर असेल तर?

मुलगी कॅलिफोर्नियात स्टॉकटनला असते. तिथे कॉरोनर काढून मेडिकल एक्झामिनर नेमला म्हणे. दोघेही मृत्यूचं कारणच शोधतात ना? (सांगली)

काम तेच, पण ते करणारा माणूस वेगळा. अमेरिकेत कॉरोनर बहुधा निवडून येतो आणि अनेक राज्यांत तो डॉक्टर असलाच पाहिजे असं नाही. मेडिकल एक्झामिनर नेमलेला डॉक्टर असतो. कॅलिफोर्नियात तर पॅथॉलॉजीतलाच तज्ज्ञ लागतो.

कॅलिफोर्नियातल्या बहुतेक काउंट्यांत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुखच, कॉरोनर असतो. शवविच्छेदन डॉक्टर करतो, पण मृत्यूच्या दाखल्यावर ‘अपघात’ लिहायचं की ‘दुसऱ्याच्या हातून मृत्यू’, हा शेवटचा शब्द शेरीफचा. (दुसऱ्याच्या हातून म्हणजे खूनच असं नाही. गुन्हा झाला का, ते कोर्ट ठरवतं.) आता मृत्यू शेरीफच्याच माणसांशी झालेल्या झटापटीत झाला असेल तर? स्टॉकटन ज्या सॅन होआकिन काउंटीत येतं, तिथे नेमकं यावरूनच पेटलं. अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूविकारावरच्या संशोधनामुळे गाजलेले डॉ. बेनेट ओमालू तिथले मुख्य न्यायवैद्यक तज्ज्ञ. पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंच्या निष्कर्षांत शेरीफ ढवळाढवळ करतात, असा आरोप करून त्यांनी 2017 च्या डिसेंबरात राजीनामा दिला. शेरीफने आरोप फेटाळला, तरी एप्रिल 2018 मध्ये काउंटीच्या कारभारी मंडळाने कॉरोनरचं काम शेरीफकडून काढून घ्यायचं ठरवलं.

इतकं उघड आहे, तर सगळीकडे बदल का होत नाही? (पुणे)

मॅसॅच्युसेट्सने 1877 मध्येच कॉरोनर रद्द केले, न्यूयॉर्क शहराने 1918 मध्ये. कॅलिफोर्नियात मोठ्या काउंट्यांवर हा बदल बंधनकारक करणारं विधेयक 2018 मध्ये मंजूर झालं, पण गव्हर्नर ब्राउन यांनी नकाराधिकार वापरला.

अडतं ते माणसांवर आणि पैशांवर. अख्ख्या अमेरिकेत पूर्णवेळ न्यायवैद्यक पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे अशी शवविच्छेदनं करणारे तज्ज्ञ डॉक्टर, हजारही नाहीत, आणि एकाने वर्षाला 250 पेक्षा जास्त शवविच्छेदनं करू नयेत, असं त्यांच्याच संघटनेचं म्हणणं. लहान काउंटीने डॉक्टर आणायचा कुठून? शेजारच्या काउंट्यांनी मिळून एक कार्यालय चालवावं, हा मला त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग वाटतो. शिवाय नेमलेला डॉक्टरही मंडळाच्या मर्जीवर असेल, तर दबावाची जागा फक्त बदलली म्हणायची. त्याला सहजासहजी काढता येणार नाही, अशी तरतूद हवी.

आपल्या मुंबईतही कॉरोनर होता ना? (दादर)

होता. 1871 च्या कायद्याखाली चालणारं ते पद 1999 मध्ये रद्द झालं. पण त्याच्या जागी डॉक्टर नाही आला, पोलीस आले. उर्वरित महाराष्ट्रासारखाच पंचनामा, मग मृतदेह शवविच्छेदनाला. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी मात्र दंडाधिकारी करतात. डॉक्टर मत देतो, तपास पोलिसांचाच. स्टॉकटनकरांनी ज्या दिशेकडे पाठ फिरवली, आपण तिकडे गेलो. मला हे पटलेलं नाही.

वडील माझ्याकडे फ्रीमाँटला असतात. मृत्यूनंतर चिरफाड नको, असं त्यांनी बजावलंय. ऐकतील? (कॅलिफोर्निया)

धर्मश्रद्धेच्या कारणाने शवविच्छेदनाला हरकत असल्याचा लेखी दाखला कॅलिफोर्नियात करता येतो. त्यावर वडिलांची तारखेसह सही आणि दोन सज्ञान साक्षीदार हवेत. गुन्ह्याचा किंवा साथीच्या रोगाचा संशय असला, तर मात्र हरकत बाजूला ठेवता येते. घरी उपचार करणारे डॉक्टर असतील आणि नैसर्गिक मृत्यूचं कारण लिहून द्यायला तयार असतील, तर बहुतेक वेळा शवविच्छेदनाचा प्रश्नच येत नाही. दाखला मात्र आजच करा, आणि एक प्रत तुमच्याकडे ठेवा.