डीडीजे-४०० नंतर काय घ्यावं? चॅनेल मोजण्याआधी मागची बाजू बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. डिचोलीला राहतोस. चार वर्षं डीडीजे-४०० (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचा दोन चॅनेलचा डीजे कंट्रोलर) आणि आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर बारशी, वाढदिवस, लग्नांची रिसेप्शन्स वाजवलीस. येत्या सीझनला मोरजीच्या एका शॅकवर (किनाऱ्यावरच्या खाण्यापिण्याच्या झोपडीवर) आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मिळतायत. हातात दीड लाख आहेत. दुकानदार म्हणतो चार चॅनेलचा (म्हणजे एका वेळी चार गाणी मिसळता येणारा) कंट्रोलर घे, मित्र म्हणतो जुने सीडीजे (क्लबांत असतात ते सुटे प्लेअर) घे, आणि तुझं स्वतःचं मन लॅपटॉपशिवाय चालणाऱ्या स्टँडअलोनकडे ओढतंय. मला काका म्हणालास, तर काकाच्या हक्कानेच सविस्तर लिहितो.

आधी एक विचारतो. गेल्या सीझनला तुझा कार्यक्रम कशामुळे अडखळला? तिसरं चॅनेल नव्हतं म्हणून एकदा तरी अडलास का? टेक्नोवाले तीन-चार थर एकावर एक चढवतात, त्यांना ते लागतं. रिसेप्शनला कोळीगीतानंतर कोंकणी, मग हिंदी, मग पुन्हा मागच्या टेबलावरून आलेली फर्माईश, असं वाजवणाऱ्याला दोन चॅनेल पुरून उरतात. कार्यक्रम अडतो तो माइकवर, घुमणाऱ्या आवाजावर, विजेवर आणि लॅपटॉपवर. म्हणून दुकानात गेलास की मशीन फिरवून आधी त्याची मागची बाजू बघ.

हे मी किंमत मोजून शिकलोय. काही वर्षांपूर्वी फोंड्याच्या बाजूला एका हॉलमध्ये रिसेप्शन होतं. मी नवाकोरा चार चॅनेलचा कंट्रोलर घेऊन गेलो होतो. त्याला आउटपुट फक्त आरसीएचं (डीव्हीडी प्लेअरला असतात तशा लाल-पांढऱ्या पिनांचं) आणि माइकची जागा एकच. साउंडवाल्याचा मिक्सर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, वीसेक मीटरवर. त्याने आरसीएच्या दोन वायरी जोडून, पुढे कन्व्हर्टर लावून लाइन ओढली. स्टेजचे दिवे लागले आणि स्पीकरमधून घूंऽऽ सुरू झालं. गाणं चालू असताना ते झाकलं जायचं, पण टोस्टच्या, म्हणजे शुभेच्छांच्या भाषणांच्या, वेळी गाणं बंद केलं आणि सगळ्या हॉलला ऐकू गेलं. एमसीच्या (सूत्रसंचालकाच्या) हातात माझा माइक. मुलीच्या वडिलांना बोलायचं होतं, तर त्यांना साउंडवाल्याचा कॉर्डलेस दिला. तो वेगळ्या मिक्सरवर, आणि त्या मिक्सरजवळ कोणी नाही. ते दोन वाक्यं बोलले आणि शिट्टी वाजली. त्यांनी माइक खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. मुलीच्या लग्नात बापाला एकदाच बोलायला मिळतं. ते शब्द माझ्या तयारीअभावी राहून गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. आणि त्या चारांपैकी दोन चॅनेलना मी रात्रभर हातसुद्धा लावला नव्हता.

आता हे घूं येतं कसं ते समजून घे. आरसीए पिनेत सिग्नलची एकच तार असते आणि तिच्याभोवती जाळी. वाटेत दिव्यांच्या वायरींमधून जे काही आत शिरतं ते थेट स्पीकरपर्यंत जातं. एक्सएलआरला, म्हणजे माइकच्या वायरीला असतो त्या गोल जोडणीला, तीन पिना. दोन तारांवरून तोच सिग्नल जातो, पण एकीवर उलटा. पलीकडचा मिक्सर दोघींतला फरक घेतो. गाणं उलटसुलट असल्यामुळे शिल्लक राहतं. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच असतो, तो वजा होऊन जातो. म्हणून तीन-चार मीटरपर्यंत आरसीए ठीक, त्यापुढे एक्सएलआरच.

तुझ्या डीडीजे-४००ला आरसीएच आहे. त्याच्यानंतर आलेल्या एफएलएक्स४लाही तेच. एफएलएक्स६ घेतलास तर चार चॅनेल आणि मोठे जॉग (हाताने फिरवायच्या चकत्या) मिळतील, पण आउटपुट पुन्हा आरसीए आणि माइक पुन्हा एकच. म्हणजे पैसे जाऊन तू माझ्या त्या फोंड्याच्या रात्रीत येऊन उभा राहशील. डीडीजे-८००, डीडीजे-१०००, एफएलएक्स१०, एक्सडीजे-आरएक्स२ आणि आरएक्स३ या सगळ्यांना एक्सएलआर आहे, वेगळं बूथ आउट (डीजेच्या स्वतःजवळच्या स्पीकरचं आउटपुट) आहे आणि दोन माइकची सोय आहे. माइकचा इक्यू (आवाजाचा खालचा-वरचा पट्टा कमीजास्त करायची बटणं) मिळाला की त्याचा लो, म्हणजे खालचा पट्टा, थोडा कमी करून ठेवायचा, घुमणं बरंच आटोक्यात येतं. बूथ आउटचं महत्त्व तुला मोरजीला कळेल. समुद्राचा वारा आवाज पळवतो, तुला तुझंच ऐकू येत नाही, आणि मग हात आपसूक मास्टरकडे, म्हणजे बाहेरच्या मुख्य आवाजाच्या बटणाकडे, जातो. बूथचं बटण वेगळं असलं की स्वतःपुरता आवाज वाढवता येतो, बाहेरचा तसाच राहतो.

एफएलएक्स१० हे उत्तम मशीन आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचं खरं आकर्षण म्हणजे चालू गाण्यातून गायकाचा आवाज, ढोल, बाकीची वाद्यं वेगळी काढणं. ते काम कंट्रोलर करत नाही, तुझा लॅपटॉप करतो. आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ऐन गर्दीत हे चालवायला मी तरी धजणार नाही. ते घ्यायचं तर लॅपटॉपही नवा हवा, आणि तेवढं तुझ्या दीड लाखात बसत नाही.

सीडीजेंबद्दल तुझ्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. हणजूण-वागातोरच्या क्लबांत वाजवायचं असेल तर सीडीजेवर हात बसलेला हवाच. पण विकत कशाला? दोन प्लेअर, एक मिक्सर, तिघांच्या पेट्या, तीन पॉवर केबल, आणि हे सगळं घेऊन साखळीच्या नाहीतर वाळपईच्या हॉलचे जिने चढायचे. पहिला सीडीजे-२००० २००९ साली आला, नेक्सस २०१२ ला, एनएक्सएस२ २०१६ ला, सीडीजे-३००० २०२० ला. तुझ्या पैशात जोडी आणि मिक्सर मिळून जे हाती येईल ते या रांगेच्या जुन्या टोकाचं असेल. जुन्या नेक्ससवर फ्लॅक फाइल (दर्जा न घटवता लहान केलेलं गाणं) वाजतसुद्धा नाही, ती एनएक्सएस२ पासून पुढे. त्यापेक्षा भाड्याने देणाऱ्या कुणाकडे दोन-चार दुपारी जाऊन तासाच्या हिशेबाने हात बसव.

राहिलं स्टँडअलोन. इथे तुझ्या कामाचे दोन भाग पडतात. लग्नात फर्माईश येते, आणि ती अशी येते की तुझ्याकडे नसलेलंच गाणं हवं असतं. आजीला तिच्या काळचं नाट्यगीत ऐकायचं असतं. लॅपटॉप असेल तर हॉटस्पॉट लावून पाच मिनिटांत शोधता येतं. स्टँडअलोनला लावलेल्या यूएसबी स्टिकवर जे आहे तेवढंच आहे. याउलट शॅकवर तू तुझा सेट ठरवून जातोस. तिथे वाळू, खारा वारा आणि बिअरचे ग्लास यांच्या मध्ये लॅपटॉप उघडून ठेवणं नको. म्हणजे तुला दोन्ही करणारं मशीन हवं.

म्हणून माझं मत: नीट तपासून घेतलेला जुना एक्सडीजे-आरएक्स२. दोन चॅनेल, एक्सएलआर, दोन माइक, सात इंची टच स्क्रीन, एकाच स्टिकवरून दोन्ही डेक चालतात, आणि लग्नाला लॅपटॉप जोडून कंट्रोलरसारखा वापरता येतो. नवा आरएक्स३ अर्थातच सरस, स्क्रीन मोठी आणि वेग जास्त, पण तो तुझ्या बजेटबाहेर जातो आणि मग केबलला, यूपीएसला पैसा उरत नाही. चांगला आरएक्स२ मिळालाच नाही तर जुना डीडीजे-८०० घे. तो लॅपटॉपशिवाय चालत नाही, पण पिना आणि माइक यांचा प्रश्न सुटतो.

जुनं मशीन गोव्यात घेताना एक गोष्ट ध्यानात ठेव. हे किनाऱ्यावर राहिलंय की आत, यावर त्याचं आयुष्य ठरतं. दुपारच्या उजेडात मागच्या सॉकेटांत टॉर्च मारून बघ. आरसीएच्या कड्यांवर हिरवट पूड दिसली, एक्सएलआरच्या पिना काळवंडलेल्या असल्या, तर खारं आत गेलंय असं समज. मग चालू करून, गाणं लावून, हेडफोनमध्ये मास्टरचा आवाज घेऊन प्रत्येक फेडर (आवाजाची सरकपट्टी) अगदी हळू वरखाली कर. खरखर येते का ऐक. चॅनेल फेडर पूर्ण खाली घेतल्यावर गाणं पूर्ण बंद होतं का, की लांबून कुजबुजल्यासारखं येतच राहतं? क्यूचं बटण (गाणं खुणेच्या जागी नेणारं) वीस वेळा दाब, हळूही आणि झटक्यातही. एकदा जरी चुकलं तरी ते बदलावं लागणार. दोन्ही यूएसबीच्या खाचांत स्टिक घालून किंचित हलव, गाणं तुटतंय का बघ. टच स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांना बोट लाव. दोन्ही माइक लाव, दोन्ही एक्सएलआर लाव. तुझा लॅपटॉप सोबत ने आणि रेकॉर्डबॉक्स (लॅपटॉपवरचं डीजे सॉफ्टवेअर) परफॉर्मन्स मोडमध्ये त्याला ओळखतोय का, तिथेच खात्री कर. हे सगळं करायला अर्धा तास लागतो. विकणारा घाई करत असेल तर उठून ये.

आरएक्स२ घेताना डीडीजे-४००चा एक गुण तू गमावणार आहेस, तो आत्ताच सांगतो. ४००ला वीज यूएसबीमधून मिळते, त्यामुळे लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर तो चालू राहायचा. आरएक्स२ला स्वतःची बॅटरी नाही. लाइट झपकली की तो बंद होऊन पुन्हा सुरू होणार, आणि तोवर सगळी मंडळी तुझ्याकडे बघत उभी. छोटा यूपीएस घे आणि त्यावर फक्त मशीन व लॅपटॉप लाव, स्पीकर कधीच नाही. जनरेटरवर काही स्वस्त यूपीएस सतत बॅटरीवर उड्या मारतात, तेव्हा एकदा जनरेटरवर लावून बघ.

लॅपटॉपचा चार्जर काढला की घूं थांबतं, हा अनुभव तुलाही असेल. त्यावर उपाय म्हणजे मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (दोन्हीकडची विजेची जोडणी तोडून फक्त सिग्नल पुढे देणारी डबी). प्लगची अर्थिंगची पिन कापू नकोस. कापली की घूं खरंच थांबतं, म्हणून जुने लोक सर्रास करायचे. पण पावसाळ्यात ओल्या लॉनवर मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जायला तुझ्या अंगाशिवाय वाट राहत नाही. आणि तो माइक नवरीच्या हातातही जातो.

उरलेल्या पैशांतून दोन चांगल्या स्टिक घे, बत्तीस जीबीच्या, एफएटी३२मध्ये फॉरमॅट केलेल्या. ३२० केबीपीएसचं चार मिनिटांचं गाणं साधारण दहा एमबी, म्हणजे तीन हजारांच्या आसपास गाणी मावतात. दोन्हींवर तेच सगळं ठेव, एक खिशात. हेडफोन सुटे भाग मिळणारा घे. सेनहायझरचा एचडी २५ म्हणूनच वर्षानुवर्षं टिकून आहे. स्पीकर अजिबात घेऊ नकोस, ते साउंडवाल्याचं काम. जुना ४०० विकू नकोस, गाडीत राहू दे.

घरच्या तयारीबद्दल एवढंच. मांडो (गोव्याचा संथ कोंकणी गीतप्रकार) असो, जुनी कोंकणी गाणी असोत की जुनी मराठी, ही मंडळी एकत्र बसून वाजवायची, मेट्रोनोमवर नाही. लय श्वासाबरोबर पुढेमागे होते. रेकॉर्डबॉक्स त्यावर सरळ ग्रिड (ठोक्यांच्या समान अंतरावरच्या रेघा) टाकतो आणि सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणं) लावला की दोन मिनिटांनी सगळं विस्कटतं. अशा गाण्यांना विश्लेषण करताना डायनॅमिक पर्याय निवड, घरी ग्रिड तपास, सुरुवातीला आणि शेवटी क्यूची खूण टाक. मांडो सुंदरच आहे, त्याला दुसऱ्या गाण्यात मिसळायची गरज नाही. पूर्ण वाजू दे, थांब, मग पुढचं लाव.

पावसाळ्यात मशीन पेटीत बंद करून विसरून जाऊ नकोस. सिलिका जेलच्या पुड्या घाल, आठवड्यातून एकदा तासभर चालू कर, फेडर फिरव.

आणि पैसे देण्याआधी एकदा मोरजीला जाऊन ये. मालकाला विचार: त्यांच्या मिक्सरपासून तुझं टेबल किती लांब, लाइन एक्सएलआरची आहे का, वीज कुठून येते, आणि माइक कोण धरणार. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हे २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत आहे, तेव्हा तुझी वेळ किती वाजता संपते तेही विचारून घे. साडेनऊपासून उतरत्या लयीची गाणी लागली तर तो सेट आत्तापासूनच वेगळा बांधावा लागेल. टेबलाचा आणि मागच्या पिनांचा फोटो काढून आण, इथे टाक. मी बघून कोणत्या केबल किती लांबीच्या लागतील ते सांगतो.