दहावीच्या वर्षी पुन्हा ‘फास्टर फेणे’

“मॅडम, दहावीचं वर्ष आहे आणि ही रात्री गोष्टीची पुस्तकं घेऊन बसते. तीही चौथी-पाचवीत वाचलेली! मागे चाललीय का ही?”

शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत अशी विचारणा माझ्याकडे हमखास होते. पुस्तकाचं नाव बदलतं, काळजी तीच. त्यातली एक हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वडिलांना बढती मिळाली आणि मे महिन्यात हे कुटुंब सांगलीहून पुण्याला आलं. मुलगी हुशार, नववीपर्यंत पहिल्या पाचांत. पुण्यात पहिल्या घटक चाचणीत गुण घसरले आणि त्याच सुमारास जुनी पुस्तकं बाहेर निघाली. आईने ती माळ्यावर टाकली. मुलीने स्टूल लावून परत काढली. मग रोज वाद, आणि वादानंतर अबोला.

मी आधी नेहमीचं विचारून घेतलं. झोप लागते का? जेवण कसं आहे? शाळेत, क्लासला जाते का? कुणाशी मोकळं बोलते का? अर्धा तास वाचून ती शांत झोपायची, जेवण ठीक होतं, शाळा बुडवत नव्हती. सांगलीच्या मैत्रिणीशी रविवारी तासभर फोन चालायचा. पुण्यातल्या एकाही मैत्रिणीचं नाव मात्र आईला सांगता येईना.

“वाचते काय नेमकं?” मी विचारलं.

“काय म्हणजे? लहान मुलांचीच सगळी.”

हे उत्तर मला नेहमी अपुरं वाटतं. घरात ‘किशोर’चे अंक होते, चांदोबाचे जुने अंक होते, साने गुरुजी होते. एवढ्या ढिगातून मूल एक-दोनच पुस्तकं पुन्हा पुन्हा उचलत असेल, तर ती कोणती हे बघायलाच हवं. पुढच्या वेळी पुस्तकं घेऊन ये, असं मी मुलीला सांगितलं.

तिने दोन आणली. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणि ना. धो. ताम्हनकरांचा ‘गोट्या’. फेणेच्या पुस्तकाची पाठ खाकी चिकटपट्टीने जोडलेली, कोपरे वापरून वापरून मऊ पडलेले. पहिल्या पानावर शाईच्या पेनने, गोल गोल अक्षरांत आईचं माहेरचं नाव, इयत्ता आणि तुकडी. म्हणजे प्रत आईचीच होती!

“यात तुला काय आवडतं?”

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “तो फुरसुंगीचा आहे. पुण्यात शिकायला आलाय. पण त्याला त्याचं काही वाटतच नाही. सायकल काढतो आणि सुटतो.” आणि जरा थांबून, “पुढं काय होणार ते मला माहीत असतं की. बाकी काहीच माहीत नसतं यावर्षी.”

गोट्याची गोष्टही तशीच. पोरका मुलगा परक्या घरात येतो आणि त्या घरचा होऊन जातो. बाहेरून आलेल्या, नव्या जागी रुजलेल्या दोन मुलांच्या गोष्टी तिने बरोबर शोधून काढल्या होत्या. मला तर तिचं कौतुकच वाटलं.

मग हळूहळू बाकीचं आलं. सांगली-कोल्हापूरकडे मुलीही सहज ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. वर्गात उभी राहून ती “मी सांगतो” म्हणाली आणि मागचे दोन बाक हसले. त्या दिवसापासून तिने हात वर करणं सोडलं. शंका विचारायची नाही, म्हणून गणित अडलं, म्हणून गुण गेले. घरी बोलली नाही, कारण बाबांच्या बढतीने सगळे खुशीत होते. त्यात आपण रडगाणं कशाला, असं तिला वाटलं.

आईला मी स्पष्टच सांगितलं, पुस्तकांचा गुणांशी संबंध नाही. दिवसभर जपून बोलणाऱ्या मुलीला रात्री अर्धा तास ओळखीच्या माणसांत बसायला मिळतंय, ते काढून घेऊ नका. दिवा किती वाजता बंद करायचा ते दोघींनी ठरवा. ‘एवढी गणितं झाली तरच पुस्तक’ ही अट नको. आणि उपदेश न करता, ते पुस्तक तुमच्याकडे कसं आलं तेवढं तिला सांगा.

आईने सांगितलं. दूरदर्शनवर सुमीत राघवन फास्टर फेणे झाला होता, तेव्हा वाड्यातली सगळी पोरं जिभेने ‘ट्टॉक’ करत कशी हिंडायची, इथून सुरुवात झाली. बोलता बोलता लेकीने वर्गातला प्रसंग आईला स्वतःहून सांगितला. माझ्या खोलीत तिने तो सांगितला होताच, पण तो घरी सांगितला जाणं जास्त गरजेचं होतं.

पुढची कामं साधी होती. मुलीची परवानगी घेऊन आई वर्गशिक्षिकांना भेटली. त्यांनी हसण्याचा विषय वर्गात नीट हाताळला आणि विज्ञानाच्या प्रकल्पात हिला दोन समजूतदार मुलींच्या गटात घातलं. गणितासाठी शनिवारी शंकांचा तास ठरला. सहामाहीत गुण बऱ्यापैकी वर आले, पूर्वीइतके नाहीत. पुस्तकं अजून उशाशी असतात आणि आईची आता त्याला हरकत नाही.

काळजी करावी अशी चिन्हं वेगळी असतात. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल उदास किंवा चिडचिडं राहिलं, झोप-भूक बिघडली, मित्रमैत्रिणी तुटल्या, शाळेत जायलाच नको झालं, किंवा आवडीचं पुस्तकसुद्धा उघडावंसं वाटेना, तर समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. जगणं नकोसं झाल्याची भाषा एकदा जरी कानावर आली, तर त्याच दिवशी. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.