प्रोटेस्टंट असूनही ल्यूथरन चर्चमध्ये मूर्ती आणि चित्रं कशी काय टिकली?

याचं बरंचसं श्रेय जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या आठ प्रवचनांना. १५२२च्या सुरुवातीला विटेनबर्गमध्ये वातावरण तापलं होतं, मूर्ती फोडायला लोक निघाले होते. ल्यूथर वार्टबुर्ग किल्ल्यातून परतला आणि ९ मार्चपासून सलग आठ दिवस शहराच्या चर्चमध्ये बोलला. म्हणणं सरळ होतं: मूर्तिपूजा नको, पण विश्वास जबरदस्तीने लादता येत नाही, बायबलचं वचन सांगा, पुढचं काम ते वचनच करील. आपण मित्रांबरोबर बिअर पीत होतो तेव्हाही ते काम चालूच होतं, असंही म्हणाला (प्रवचनात बिअर, हे त्यालाच जमावं!). दुसरा सुधारक झ्विंगली याच्या झुरिचमध्ये मात्र १५२४मध्ये चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं उतरवली. उलट ल्यूथरन झालेल्या न्यूर्नबर्गच्या सेंट लॉरेन्झ चर्चमध्ये शिल्पकार फाइट श्टोसने लाकडात कोरलेली मरिया आणि देवदूत आजही वेदीसमोर उंच टांगलेले दिसतात.