आमच्या गावातला एक तरुण १९७१च्या युद्धात कामी आला. शाळेच्या स्मरणिकेसाठी त्याचे चरित्र लिहायचे आहे. माहिती कोठे मिळेल आणि घरच्यांना काय विचारावे?

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. तो जवान मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल, तर पुढचा पत्रव्यवहार बेळगावच्या अभिलेख कार्यालयाशी करावा लागेल. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात नावही कोरलेले असेल. परंतु तेवढ्यावर चरित्र होत नाही, आणि हे मी माझ्या धाकट्या मामांवरून सांगतो.

मामा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत ते पडले. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, ब्रह्मपुत्रा ओलांडून शहराच्या पाठीमागे गेली होती आणि टांगाईलचा रस्ता अडवून बसली होती. वेढ्यातून निसटण्यासाठी पाकिस्तानच्या बलुच पलटणीने १० डिसेंबर १९७१च्या रात्री त्या रस्त्यावर हल्ले चढवले आणि आपल्या जवानांनी ते मोडून काढले. दर २६ जानेवारीला गावच्या शाळेत एवढी एकच रात्र सांगितली जाते. त्याआधीची २२ वर्षे कोणी सांगत नाही.

आजोबांचा भरतीला ठाम विरोध होता. जमीन कोरडवाहू, आणि पेरणीत मामांसारखे सरळ तास कोणाचे पडत नसत. "हा गेला तर चाड्यावर मूठ कोण धरणार?" असे ते म्हणत. मामा एका पहाटे कोणालाही न सांगता निघून गेले आणि बेळगावहून पत्र आले तेव्हाच घरी कळले. ते पहिल्या रजेवर आले, तेव्हा आजोबा शेतातच मुक्कामाला राहिले. मामांची मनीऑर्डर आजोबांच्या नावाने येई. ते पावतीवर अंगठा उठवत, पैसे मात्र हाती न घेता आजीकडे द्यायला सांगत. त्याच पैशांतून विहीर खोदली गेली. अबोला मिटण्याआधीच तार आली. त्या काळी अंत्यसंस्कार बहुधा युद्धभूमीवरच होत, पार्थिवे गावोगाव येऊ लागली ती कारगिलच्या वेळी. आमच्याकडे आली ती फक्त ट्रंक. पुढच्या वर्षीच्या, म्हणजे १९७२च्या दुष्काळात ती विहीरही आटली, निवृत्तिवेतनाचे कागद एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले आणि आजी-आजोबा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडून सुकडीवर दिवस काढत होते. चरित्रात हे सगळे आलेच पाहिजे.

गावातल्या फलकावर मात्र असे लिहिले आहे की वडिलांनी गंध लावून त्यांना देशासाठी निरोप दिला. हा मजकूर थोरल्या मामांचा, आणि त्यावरून आमचा वाद अजून मिटलेला नाही. खरे लिहिले तर वडिलांची नाचक्की होते, असे ते म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. वडिलांनी पाठवले असे लिहिले, की धाकट्या मामांनी स्वतः घेतलेला निर्णय पुसला जातो, आणि ज्या बापाने कमावता मुलगा जाऊ नये म्हणून हट्ट धरला, त्याचे दुःखही खोटे ठरते. मामा पोटासाठीही गेले होते, पलटणीच्या ओढीनेही गेले होते. यातले पहिले कारण लपवण्यासारखे काय आहे?

म्हणून घरच्यांना विचारावे की तो कोणत्या कामात तरबेज होता, कोणाशी त्याचे पटत नव्हते, रजेवर आला की आधी कोणाकडे जाई. ९९ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाच्या पत्त्यावरची पत्रे कोणी जपली असतील, तर भाषणांची कात्रणे बाजूला ठेवून आधी ती वाचावीत. सोबत्यांच्या आठवणींतल्या तारखा मात्र पलटणीच्या इतिहासाशी ताडून पाहाव्यात.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. त्या जवानाची आई किंवा पत्नी हयात असेल, तर तिला दाखवल्याशिवाय एक ओळही छापू नये आणि ती नको म्हणेल ते वगळावे. आजी होत्या तोवर मीही फलकाविषयी बोललो नाही. हा अधिकार त्यांचा आहे, भावकीचा नव्हे. म्हणूनच थोरल्या मामांचा विरोध असला, तरी येत्या १६ डिसेंबरला मी ग्रामपंचायतीपुढे फलकाचा नवा मजकूर ठेवणार आहे आणि त्यात आजोबांचा नकार स्पष्ट लिहिलेला असेल.