तीन संस्थांनी मिळून एक कार्यालय घ्यायचे असेल तर

स्त्रियांसाठी समुपदेशन करणारी आपली संस्था, वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवणारी दुसरी संस्था आणि कचरावेचकांसोबत काम करणारी तिसरी संस्था, अशा तिघींनी मिळून दादर ते कुर्ला या पट्ट्यात एक जागा घ्यायची झाल्यास करार कोणाच्या नावाने करावा आणि भाडे कसे वाटावे, असे आपण विचारले आहे. आमच्या संस्थेचे कार्यालय गेली अकरा वर्षे अशाच सामायिक जागेत आहे. भाड्याची वाटणी एका बैठकीत होऊन जाते. करारात नावे कोणाची आणि दार लावून बसता येईल अशी खोली कोणाला, हे दोन प्रश्न मात्र आधी सोडवले नाहीत तर पुढे फार त्रास होतो, म्हणून मी त्यांवरच जास्त लिहितो.

बहुतेक ठिकाणी तिघींपैकी जुनी संस्था आपल्या एकटीच्या नावाने लिव्ह अँड लायसन्स करते आणि उरलेल्या दोघी तिला दरमहा वाटा देतात. कृपया असे करू नका. त्या दोघींना तिथे बसण्याचा कोणताही हक्क कागदावर मिळत नाही, आणि जुन्या संस्थेच्या हिशेबात भाड्याचे उत्पन्न दिसू लागते, ज्याचा खुलासा लेखापरीक्षणाच्या वेळी दरवर्षी करावा लागतो. एकीला जरी विदेशी देणगी मिळत असेल तरी अडचण वाढते, कारण विदेशी देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई आहे आणि अशा भाड्याच्या परतफेडीवर कोणीही बोट ठेवू शकते. त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. कार्यालयाचे भाडे त्या खर्चातच मोजले जात असल्याने त्या संस्थेला किती वाटा झेपेल, हे तिच्या सनदी लेखापालाला आधीच विचारून घ्या.

सरळ मार्ग असा की एकाच करारात तिन्ही संस्थांची लायसन्सी (जागा वापरायला घेणारा पक्ष) म्हणून नावे घालावीत, प्रत्येकीचा वाटा आकड्यांत लिहावा आणि प्रत्येकीने तो मालकाच्या खात्यात थेट भरावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. मुद्रांक शुल्काची धास्ती घेऊ नका. दरमहा ४५,००० रुपये, मुदत ३६ महिने आणि परत मिळणारे डिपॉझिट २ लाख धरले, तर भाड्याचे १६,२०,००० रुपये आणि डिपॉझिटवरील दरसाल १० टक्के व्याजाचे ६०,००० रुपये मिळून होणाऱ्या रकमेवर ०.२५ टक्के, म्हणजे ४,२०० रुपये पडतात. मालक जीएसटीत नोंदलेला असेल तर भाड्यावर १८ टक्के कर येतो, म्हणून सांगितलेला दर करासहित आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाड्याने घेतलेल्या, खोलीच्या मोहात पडू नका. गिरगाव, लालबाग, परळ या भागांत मूळ भाडेकरू कमी पैशांत खोली द्यायला तयार होतात, पण परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे हे त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार जागा खाली करून घेण्याचे कारण ठरते. आमची पहिली जागा अशीच होती. चौदाव्या महिन्यात घरमालकाची नोटीस आली आणि आमची दोन कपाटे आठवडाभर चाळीच्या गॅलरीत प्लास्टिक पांघरून उभी होती. त्या पत्त्यावर आम्ही न्यासाची नोंदही करून बसलो होतो, त्यामुळे सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कलम २२ खालचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत पुन्हा दाखल करावा लागला. तेव्हापासून आम्ही नोंदणीचा पत्ता आणि रोज बसण्याची जागा वेगवेगळी ठेवतो. एखाद्या विश्वस्ताच्या घरचा पत्ता, त्यांचे आणि गरज असेल तिथे गृहनिर्माण संस्थेचे ना हरकत पत्र घेऊन, नोंदणीसाठी कायम ठेवला की जागा बदलली तरी परिशिष्ट १ चा उतारा (न्यासाच्या नोंदणीचा उतारा) बदलावा लागत नाही.

माझ्या मते आपण आधी जुन्या धर्मादाय न्यासांकडे चौकशी करावी. दादर, गिरगावात त्यांच्या मालकीच्या काही खोल्या दिवसभर बंद असतात. न्यासाला आपली इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून मुदत त्याच्या आतली मागावी. मग विश्वस्तांनाही होकार देणे सोपे जाते.

आता खोलीबद्दल. समुपदेशन ही आपली मुख्य सेवा आहे, म्हणून हा मुद्दा इतर दोघींपेक्षा आपल्याला जास्त लागू आहे. आमच्याकडे सुरुवातीला प्लायवूडची भिंत होती आणि ती छताच्या हातभर खाली थांबत होती. एक बाई बोलता बोलता एकाएकी गप्प झाल्या. पलीकडे बचत गटाच्या बैठकीची हजेरी चालू होती आणि त्यांनी शेजारणीचा आवाज ओळखला होता. त्यांनी पदर सावरला, पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि निघून गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. पुढच्याच महिन्यात आम्ही भिंत छताला भिडवली आणि दार बदलले. त्या खोलीचा खर्च तिघींनी सारखा उचलावा, तिच्या वेळा भिंतीवरच्या वहीत लिहाव्यात आणि समुपदेशनाची वेळ दुसऱ्या कोणत्याही कामासाठी हलवू नये, असे करारासोबतच्या आपसातल्या पत्रात स्पष्ट लिहा. नोंदींच्या कपाटाची किल्लीही फक्त आपल्याकडे असावी.

वाटणी आम्ही आधी चौरस फुटांवर केली, पण ती टिकली नाही. अभ्यासिका दुपारी चारनंतर भरते आणि कचरावेचकांच्या संघटनेचे कार्यकर्ते सकाळी वस्त्यांत असतात, त्यामुळे एकच टेबल दिवसात तिघांच्या उपयोगी पडते. आता निम्मे भाडे समान आणि निम्मे वापराच्या तासांवर ठरते, आणि दर एप्रिलमध्ये वही पाहून तो हिशेब नव्याने मांडला जातो. वीज, इंटरनेट आणि सफाई यांचा खर्च समान.

जागा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत असावी. दादरला पश्चिम आणि मध्य, तर कुर्ल्याला मध्य आणि हार्बर मार्ग मिळतात, त्यामुळे विरार, कल्याण किंवा पनवेलहून येणाऱ्या बाईला फार गाड्या बदलाव्या लागत नाहीत. तळमजला वृद्धांना सोयीचा असतो, पण हिंदमाता किंवा कुर्ल्याच्या सखल भागात पावसाळ्यात किती पाणी चढते, हे शेजारच्या दुकानदाराला विचारल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि फायलींचा सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून दोन फूट वर ठेवा.

लैंगिक छळाच्या तक्रारींबाबतही आधीच लिहून ठेवा. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे तिन्ही संस्थांच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत असावे.

एखादी संस्था बाहेर पडली तर तिने उरलेल्या दोघींना तीन महिन्यांची लेखी सूचना द्यावी, तिचा डिपॉझिटचा वाटा नवी संस्था आल्यावर किंवा सहा महिन्यांत, जे आधी होईल तेव्हा, परत मिळावा, आणि मालकाच्या संमतीने पुरवणी करार करून नावे बदलावीत. ही तीन वाक्ये मसुद्यात नसतील तर सही करू नका.