आईबाबांचं तिकीट काढण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

आईबाबांचा इमिग्रंट व्हिसा आला, आता तू तिकिटं बघतोयस असं कळलं. भाडं कधी स्वस्त पडतं ते नंतर बघ, आधी तारीख ठरव. ज्या दिवशी ते न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर उतरतील त्या दिवसापासून त्यांचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेला दाखवावं लागेल. भारतातला हिशोब मात्र ते इथून कधी निघाले यावर ठरेल. दोन्ही देशांचे नियम वेगळे आहेत, म्हणून दोन्ही वेगवेगळे तपास.

भारताचं आधी. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला त्या वर्षापुरती १८२ दिवसांची सवलत असते, म्हणजे त्याहून कमी दिवस इथे राहिला तर करासाठी तो अनिवासी. मुलाकडे राहायला जाणाऱ्या निवृत्ताला ती नाही. १ एप्रिलपासून ६० दिवस ते इथे राहिले, आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे होते (ते होतेच), तर ते पूर्ण वर्ष निवासी. म्हणजे जून उजाडल्यावर निघाले तर मार्चअखेरपर्यंत निवासीच. पेन्शनरला हे फायद्याचं असतं. बाबांचं पेन्शन वर्षाला ६ लाख धर. निवासी असताना रिबेटमुळे (निवासींना मिळणारी करसूट) कर शून्य. अनिवासी झाले की रिबेट गेली: ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून ५.२५ लाख उरतात, ४ लाखांवरच्या सव्वा लाखाला ५ टक्के आणि वर उपकर, असे ६,५०० रुपये. रक्कम छोटी आहे, पण त्यावर एफडीचं व्याज आणि घरभाडं चढलं की फरक जाणवतो. पुढे दरवर्षी भेटीला आले तर १८२ दिवसांच्या आत राहा म्हणावं. भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १२०च्या आत.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदलले. मी इथे जुनीच नावं लिहितोय, कारण लोक त्यांनीच ओळखतात.

आता बँक. आयकराने निवासी असले तरी कायमचं राहायला गेले की फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) दृष्टीने ते लगेच अनिवासी होतात, आणि बचत खातं एनआरओ (भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासींचं खातं) करून घ्यावं लागतं. बहुतेक लोक बँकेला कळवतच नाहीत, नंतर केवायसीच्या वेळी खातं गोठतं आणि पेन्शन त्यातच अडकतं. एनआरओ झालं की व्याजावर ३१.२ टक्के टीडीएस, पहिल्या रुपयापासून. १५एच (टीडीएस कापू नका असं सांगणारा फॉर्म) भरता येत नाही, तो निवासी ज्येष्ठांसाठीच आहे. भारत-अमेरिका करारानुसार व्याजावरचा दर १५ टक्क्यांवर येतो, पण त्यासाठी अमेरिकेचा रहिवासाचा दाखला (फॉर्म ६१६६, अर्ज ८८०२ वर) आणि इथल्या पोर्टलवर १०एफ (कराराचा फायदा घेण्यासाठीचा फॉर्म) लागतो. नाहीतर रिटर्न भरून परतावा. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, वाढवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं नाही.

पुण्यातला फ्लॅट भाड्याने देणार असशील तर भाडेकरूला आधीच सांग. मालक अनिवासी असला की भाडं कितीही कमी असो, भाडेकरूने ३१.२ टक्के कापायचे, टॅन (कर कापणाऱ्याचा नंबर) काढायचा, तिमाही २७क्यू (कापलेल्या कराचं विवरण) भरायचा. २५ हजारांच्या भाड्यात ७,८०० कापले जातात, वर्षाला ९३,६००. प्रत्यक्षात ३ लाखांतून ३० टक्के वजावट गेल्यावर करपात्र राहतात २.१० लाख, म्हणजे कापलेल्यातलं बरंचसं परत मिळतं, पण वर्षानंतर. त्यापेक्षा कमी दराने कपातीचा दाखला आधी काढ. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचा तो मालकाने, कायद्याने जबाबदारी त्याची. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावू शकते. त्याहून जास्त मागितले तर देऊ नकोस. आणि स्वतःच्या वापरासाठीची पुणे महापालिकेची ४० टक्के करसवलत घर भाड्याने गेलं की सोडावी लागते.

खरा घोळ होतो तो अमेरिकेच्या बाजूला. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म) भरायचा. एकाच दिवसासाठी वर गेली तरीही. बाबा आणि आईंचं संयुक्त खातं असेल तर दोघांनीही पूर्ण रक्कम दाखवायची, अर्धी अर्धी नाही. आणि तू? त्यांच्या एफडीवर 'आयदर ऑर सर्व्हायवर' म्हणून तुझं नाव असेल, तर त्यांनी पुणं सोडलं नसतं तरी ते खातं तुझ्या एफबारमध्ये यायला हवं होतं. आधी ते बघ. मालमत्ता मोठी असेल तर रिटर्नसोबत फॉर्म ८९३८ (परदेशी मालमत्तेची माहिती) वेगळा. दोघांचं संयुक्त रिटर्न असेल तर वर्षअखेरीस १ लाख डॉलर किंवा वर्षात कधीही दीड लाख ही मर्यादा.

म्युच्युअल फंड निघण्यापूर्वीच विकून टाक, एसआयपी बंद कर. अमेरिका त्यांना पीफिक (परदेशी गुंतवणूक कंपनी) म्हणते आणि प्रत्येक फंडासाठी वेगळा फॉर्म ८६२१ मागते, कर जास्त आणि हिशोबाची फी त्याहून जास्त. ग्रीन कार्डवर उतरण्याआधी विकले तर त्या नफ्यावर अमेरिकेचा कर लागत नाही. हा सल्ला टाळाटाळ करण्यासारखा नाही, बाजार खाली असला तरी नाही.

भारतात करमुक्त म्हणून पीपीएफ किंवा एनआरईचं (परदेशातली कमाई ठेवायच्या अनिवासी खात्याचं) व्याज तिथे विसरून चालत नाही, ते तिथे करपात्र आहे. सरकारी पेन्शनला करारात संरक्षण आहे असं कोणी सांगेल. ग्रीन कार्डवाल्याला ते लागू पडत नाही. पेन्शन १०४०मध्ये (अमेरिकेच्या आयकर रिटर्नमध्ये) दाखवायचं आणि भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट फॉर्म १११६ने घ्यायचं. तिकडचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, इकडचं एप्रिल ते मार्च, म्हणून बँकेकडून व्याजाचे दोन वेगळे दाखले मागव. तू बाबांना तुझ्या रिटर्नमध्ये अवलंबित दाखवू शकणार नाहीस, ६ लाखांचं पेन्शन २०२५च्या ५,२०० डॉलरच्या मर्यादेच्या वर आहे. शिवाय ग्रीन कार्ड कपाटात ठेवून ते परत पुण्यात राहिले तरी, कार्ड असेपर्यंत रिटर्न चुकत नाही.

रोजच्या गोष्टींत सगळ्यात जास्त अडतं ते ओटीपीवर. बाबांचं भारतीय सिम रोमिंगसह चालू ठेव, रिचार्जची तारीख तुझ्या कॅलेंडरमध्ये घाल. नंबर गेला की बँक, आधार, आयकर पोर्टल, सगळं एकदम बंद. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो. भारतीय वाणिज्य दूतावासाची सही किंवा जीवन प्रमाणचं ॲप, यातलं काय चालतं हे कोषागाराला निघण्यापूर्वीच विचार. मुखत्यारपत्र तिथे करून पाठवलंस तर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भर. आरोग्य विम्याला उशीर नको: उतरल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसमध्ये (विमा निवडायच्या तिथल्या सरकारी व्यवस्थेत) अर्ज करायचा. मेडिकेअरसाठी (ज्येष्ठांचा तिथला सरकारी आरोग्य विमा) पासष्टी पूर्ण आणि पाच वर्षांचं सलग वास्तव्य लागतं, आणि तिथे दहा वर्षांची नोकरी नसल्याने भाग अ चा (रुग्णालयाच्या खर्चाच्या विम्याचा) हप्ता स्वतःच भरावा लागेल.

तिकीट काढण्याआधी मला एक यादी पाठव: प्रत्येक बँक खातं, एफडी, फंड, पीपीएफ, प्रत्येकावर कोणाकोणाची नावं आणि मुदत कधी संपते. नॉमिनी कोण तेही लिही.